पाळीच्या वरचा कान

कितीतरी मराठी घरांच्या लॉकरमध्ये बुगडीचा जोड पडून असतो आणि तो घालायला घरातल्या एकाही कानाला भोक नसतं. पणजीने रोज वापरलेली बुगडी आजीने सणावारी घातली. आईने ती डबीतच ठेवली, कारण तिच्या कॉलेजच्या दिवसांत वरचा कान टोचणं म्हणजे अगदीच जुन्या वळणाचं. आता लेक कानाच्या वरच्या कडेला खसखशीएवढा खडा चमकवत घरी येते आणि 'हेलिक्स केलं' म्हणून सांगते. आई कपाळाला हात लावते. आजी तिला उजेडात बोलावते, कान मुडपून मागची बाजू बघते आणि म्हणते, "अगं, ही तर बुगडीची जागा."

वरचा कान टोचण्याची ही नवी लाट आजीच्या वाटेने आलेली नाही. लॉस एंजेलिसमध्ये जिम वॉर्ड यांनी १९७०च्या दशकात 'गाँटलेट' हा टोचण्याचा व्यवसाय सुरू केला. मग न्यूयॉर्क-लंडनचे स्टुडिओ आले, मग इन्स्टाग्राम आणि तिथून पुण्या-मुंबईचे टॅटू स्टुडिओ. वाटेत कानाच्या प्रत्येक घडीला एकेक नाव पडलं. कानाच्या दारासमोरचा छोटा उंचवटा म्हणजे ट्रॅगस, मधली वाटी म्हणजे कॉंक, वरच्या आतल्या घडीत रूक, आणि कडेच्या दोन भोकांतून आरपार जाणारी एकच दांडी म्हणजे इंडस्ट्रियल. एका कानात चार-पाच ठिकाणी टोचून ते सगळं एकमेकांना शोभेल असं रचायचं, हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे.

हे पुस्तक त्या रचनेबद्दल आहे, पण त्याचा रोख थोडा वेगळा आहे. आपल्याकडे दागिना आधी येतो आणि भोक नंतर. सराफाकडे जाऊन कानातलं पसंत करायचं, आणि मग 'टोचून पण द्या' म्हणायचं. पाळीच्या बाबतीत हे खपून जातं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खपत आलं. पाळीच्या वर ते खपत नाही. तिथे आधी कान बघायचा, मग जागा ठरवायची, मग जखम भरेपर्यंत घालायचं साधं, नावडतं वाटेल असं कानातलं निवडायचं, आणि मनातला दागिना सगळ्यात शेवटी. हा उलटा क्रम पटला नाही तर पुढची प्रकरणं वाचून काही उपयोग नाही, म्हणून तो का पाळायचा हे इथेच सांगून टाकतो.

आत्ताच कानाची पाळी चिमटीत धरून बघा. मऊ, चरबीची, रक्ताने भरलेली. दाबली की लाल होते. आता बोटं कडेने वर न्या. दोन-अडीच सेंटिमीटरवर मऊपणा संपतो आणि कडक, पण वाकणारं काहीतरी हाताला लागतं. ती कूर्चा. बोलीत आपण तिला 'कानाचं हाड' म्हणतो, पण ती हाड नाही, आणि तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्याही नाहीत. तिला चिकटून दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण असतं, त्यातून जे पाझरेल त्यावर ती जगते. कातडी, आवरण, कूर्चा, पुन्हा आवरण, पुन्हा कातडी: टोचणारी सुई एवढ्या थरांतून जाते. पाळीचं भोक दीड-दोन महिन्यांत भरून येतं, तर कूर्चेचं भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, याचं कारण हे. गोळी घेतली तरी औषध तिथे उशिरा आणि कमी पोचतं, याचंही कारण हेच.

फसवणूक होते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. बाहेरची कातडी दोन्ही बाजूंनी छान मिटलेली दिसते, दुखत नाही, पाणी येत नाही. नेमकं तेव्हाच घरात लग्न निघतं, आणि वर्षभर मुक्काम करायला घातलेली साधी टिकली काढून तिथे झुपका लावला जातो. आतला बोगदा अजून कच्चा असतो. चार दिवसांत कान लाल, गरम, आणि उशीला टेकवता येत नाही असा.

या लालीत एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळा वरचा कान सुजलाय, हात लावू देत नाही, पण पाळी मात्र नेहमीसारखी आहे, असं दिसलं तर आवरणापर्यंत संसर्ग गेल्याची शंका घ्यायची, कारण पाळीत कूर्चाच नसते. मग हळद नको, शेक नको, मेडिकलवाल्याचा सल्ला नको. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की कूर्चेचा दाणापाणी तुटतो, ती विरघळते आणि कान कायमचा मुडपतो. तालमीतल्या पैलवानांचे कान असेच झालेले असतात. तिथे पुवाच्या जागी माराने साकळलेलं रक्त असतं, एवढाच फरक. कोल्हापुरात तसा कान अभिमानाने मिरवतात. हेलिक्स करायला गेलेल्या मुलीला तो नको असतो.

या संसर्गामागे बऱ्याचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. तो ओलाव्यात वाढतो आणि काही जंतुनाशकांनाही दाद देत नाही. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात दागिन्यांच्या एका स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्या पोरापोरींना एकापाठोपाठ एक असा त्रास सुरू झाला. तपास करणारे माग काढत गेले तेव्हा हा जंतू सापडला तो तिथल्या जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत. निर्जंतुक करायला ठेवलेली वस्तूच दूषित होती. कुणाकडे टोचायचं हा प्रश्न त्यामुळे 'हात हलका आहे का' एवढ्यावर सुटत नाही.

आपल्या परंपरेला हे सगळं नवं नाही, निदान अर्धं तरी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कर्णव्यधावर अख्खा अध्याय आहे. मूल सहाव्या-सातव्या महिन्यात, मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. कान उन्हात धरून जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच टोचायचं, कारण तिथे शिरा आड येत नाहीत. रक्त फार आलं, फार दुखलं, तर जागा चुकली असं समजायचं. आज चांगला टोचणारा कानामागे छोटी विजेरी धरतो तो याचसाठी. पण सुश्रुताचा सगळा विचार पाळीचा आहे, वाढवलेल्या आणि फाटलेल्या पाळ्या पुन्हा जोडण्याचाही. त्याचा हवाला देऊन कुणी कॉंक टोचायला निघाला तर तो हवाला लागू पडत नाही.

कॉंकचा आपला खरा पूर्वज वेगळाच आहे: कानफाटे नाथपंथी. दीक्षेच्या वेळी गुरू दुधारी सुरीने कानाची पाळी नव्हे, मधल्या वाटीची कूर्चा चिरतो. त्या चिरेत कडुलिंबाची काडी घालून ठेवतात आणि जखम भरली की मोठी कुंडलं, म्हणजे मुद्रा, चढवतात. ज्या महाराष्ट्राने निवृत्तिनाथ-ज्ञानेश्वरांमुळे नाथपरंपरा घरची मानली, त्याला कूर्चेतलं भोक परकं वाटायचं काही कारण नाही. नाथांनीही भोक आधी आणि मुद्रा नंतर, हाच क्रम ठेवला.

सोनाराची पद्धत या दोन्हींपासून दूर, साधी. सोन्याची तार घ्यायची, तिला कानसून टोक काढायचं, पाळीतून हाताने पार करायची आणि पीळ देऊन तिचीच बाळी करायची. बारशाच्या सुमाराला लाखो मराठी कान असेच टोचले गेले आणि बहुतेक सुखरूप राहिले. ती तार उकळलेली असायचीच असं नाही. पाळीने ते सोसलं. वरच्या कानाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

दुकानात भेटणारं दुसरं साधन म्हणजे गन. स्प्रिंग सोडली की बोथट टोकाची टिकली कानातून आरपार आणि मागे फुलपाखरासारखी खीळ. गनमुळे कूर्चेचे तुकडे होतात, असं सगळीकडे ठासून सांगतात. २००८ साली मृतदेहांच्या कानांवर झालेल्या एका डच अभ्यासात मात्र गन आणि सुई या दोन्हींनी कूर्चेला होणारी इजा जवळजवळ सारखीच आढळली. तरीही वरच्या कानाला गन नकोच, असं माझं मत आहे, पण कारणं दुसरी. एक तर प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंशांच्या दाबाखालच्या वाफेत, टिकत नाही. ती पुसून पुढच्या कानाला लावतात. दुसरं, टिकलीची दांडी एकाच मापाची आणि आखूड असते. सूज आली की खीळ मागून रुतते, आणि तिच्या घडीत केस, मळ, शाम्पू साठतो.

सुईने टोचणं बघायला अगदीच नीरस असतं, आणि तसंच असावं. कान पुसला जातो. ताठ बसवून पेनाने ठिपका काढतात, आरसा देतात. तुम्ही म्हणता, जरा वर. ठिपका पुसतात, पुन्हा काढतात. हे तीनदा करायलाही जो कुरकुरत नाही त्याच्याकडे टोचावं. मग आडवं करून, तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली पोकळ सुई, कूर्चेला साधारण १.२ मिलिमीटर जाडीची. कच्च असा बारीक आवाज तुमच्याच डोक्यात ऐकू येतो आणि सुईच्या पाठोपाठ दांडी आत सरकते. डोळ्यांत पाणी येतं, पण दहा मिनिटांत चहा पिता येतो.

जागेची निवड फोटो बघून होत नाही, कारण प्रत्येकाच्या कानाच्या घड्या वेगळ्या. रूकसाठी आतली घडी ठसठशीत उठलेली लागते. काहींच्या कानात ती इतकी सपाट असते की दागिन्याला धरायला काही नाही. इंडस्ट्रियलच्या दांडीला मधे कानाचा उंचवटा लागला तर ती आयुष्यभर घासत राहते. 'तुमच्या कानाला हे होणार नाही' असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. मायग्रेन जातं म्हणून डेथ, म्हणजे कानाच्या दाराच्या लगेच वरची आतली घडी, टोचून घ्यायची टूम निघाली आहे. तिला भक्कम पुरावा नाही. शोभेसाठी हवं तर जरूर करा, डोकेदुखीसाठी डॉक्टर आहेत.

मग तुमचा दिवस कसा जातो ते बघायचं. ज्या कुशीवर झोपता त्या बाजूला टोचू नये. दिवसभर कानात इअरफोन असेल तर ट्रॅगस आणि कॉंक बाद. दुचाकीवर रोज हेल्मेट असेल तर ते चढवताना-उतरवताना हेलिक्सवरून खरवडत जातं. अंबाडा घालणाऱ्या आणि मोकळे केस सोडणाऱ्या बायकांची अडचण वेगवेगळी असते. दोन्ही कान एकाच दिवशी टोचून घेणाऱ्याला रात्री पाठीवर झोपण्याची सक्तमजुरी होते, आणि ती महिनोन्‌महिने.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. दंडावरची बीसीजीची खूण बघा. ती सपाट फिकी असेल तर ठीक. पण ती मूळ जागेबाहेर पसरलेली, जाड, चकचकीत गाठ झाली असेल, तर तुमच्या कातडीला केलॉइडची सवय असू शकते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ती तुलनेने जास्त आढळते. अशांनी वरचा कान टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. दुसऱ्या महिन्यात भोकाशेजारी येणारी प्रत्येक पुटकुळी मात्र केलॉइड नसते. बहुतेक वेळा दांडी लांब आहे, किंवा त्यावर झोपणं चाललंय, एवढंच तिचं म्हणणं असतं. कारण काढलं की ती बसते. केलॉइड आपोआप बसत नाही.

आता धातू. इथे मराठी मनाला धक्का बसतो, कारण कानात पहिलं सोनंच गेलं पाहिजे ही आपली श्रद्धा, आणि सोनं म्हणजे बावीस कॅरेट. ९१६चा शिक्का असलेलं हे सोनं अंगाला बाधत नाही हे खरं, पण ते मऊ असतं. मळसूत्राच्या आट्यांवर, दांडीच्या कडेवर बारीक ओरखडे पडतात, आणि कच्च्या बोगद्यात प्रत्येक ओरखडा आतल्या नव्या कातडीला खरवडतो. चौदा किंवा अठरा कॅरेट कूर्चेला जास्त बरं, फक्त मिश्रणात निकेल नाही याची खात्री करून घ्यायची. पांढऱ्या सोन्यात ते बऱ्याचदा असतं. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर सोडत नाही, मग घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणही चावतं. युरोपने १९९४ साली यावर कायदाच केला. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, अशी मर्यादा आज तिथे आहे. आपल्याकडच्या ट्रेमधल्या शंभर रुपयांच्या पाकिटावर 'सर्जिकल स्टील' छापलेलं असतं, आणि त्या शब्दांना काही एक ठरावीक अर्थ नाही.

म्हणून पहिल्या वर्षासाठी माझी निवड टायटेनियम, शरीरात बसवायच्या प्रतीचं. त्याचा दर्जा एएसटीएम एफ १३६ या क्रमांकाने ओळखतात. दुकानदाराला तो आकडा विचारा, चेहऱ्यावरूनच बरंच कळेल. वजनाला हलकं, निकेलची भीती नाही, आणि रंग करडा. तो करडा रंग सासूबाईंना आवडणार नाही, तर दर्शनी टिकली सोन्याची लावता येते, दांडी टायटेनियमची ठेवून.

आकार सरळ दांडीचा, मागे सपाट चकती. फिरकी नको, तिच्या आट्यांत केस अडकतो. सुरुवातीला दांडी जरा लांब घेतात, बहुधा आठ मिलिमीटर, कारण सूज येणार असते. सूज ओसरली की, साधारण दीड-दोन महिन्यांनी, टोचणाऱ्याकडे परत जाऊन ती सहाची करून घ्यायची. हा फेरा बहुतेक लोक चुकवतात, मग लांब दांडी हलत राहते, भोक तिरकं भरतं आणि पुढे कुठलाच दागिना सरळ बसत नाही. पहिल्याच दिवशी रिंग मागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रिंग गोल, भोक सरळ; ती फिरते आणि सुकलेली खपली आत ओढून नेते. वर्षभराने खुशाल घाला.

जुनी बुगडी घालायची तर वर्षभराने तिच्यावरही थोडं काम लागतं. मोत्यांचा गोल, मध्ये लाल खडा, मागे आखूड दांडी: बघताना सगळा जीव पुढच्या बाजूला असतो, पण कानाचा संबंध मागच्या भागाशी. सराफाकडे व्हर्नियर कॅलिपरने दांडीची जाडी मोजून घ्या. तुमचं भोक १.२ मिलिमीटरचं आणि दांडी त्याहून बारीक असली की वजनाने ती कापत खाली येते. पुढचा भाग तसाच ठेवून मागे अठरा कॅरेटची जाड, गुळगुळीत दांडी डाग देऊन बसवता येते. मोती उष्णता सोसत नाहीत, म्हणून ते आधी उतरवून घ्यायला सांगावं. 'सांगत्ये ऐका'मधल्या लावणीने १९५९ साली अख्ख्या महाराष्ट्राला हरवलेल्या बुगडीची गोष्ट ऐकवली. माझा संशय कायम फिरकीवर आहे. आणि बुगडी जड असेल तर मोत्याचा वेल लावून तिचा भार केसांवर घ्यावा. झुब्यांसाठी आपल्या बायकांनी हे कधीच शोधून काढलं होतं.

निगेबद्दल एक प्रकरण पुढे आहे, पण त्याचा मजकूर लहान आहे, कारण करायचं थोडं आणि न करायचं जास्त. मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन दिवसातून दोनदा, नंतर कोरडं करणं, बस. स्पिरिट नको, खोबरेल नको, हळद नको. दागिना फिरवत राहा, नाहीतर चिकटतो, हा घरोघरीचा सल्ला पाळीलाही फारसा कामाचा नव्हता. कूर्चेत तर तो भरत आलेली जखम रोज नव्याने उघडतो.

राहता राहिली पुरुषमंडळी. पेशवाईत कानाच्या वरच्या भागात मिरवलेली भिकबाळी 'बाजीराव मस्तानी' येऊन गेल्यापासून पुन्हा जोरात आहे, आणि ढोल-ताशा पथकांतली मुलं ती घालण्यासाठी टोचून घेतात तेव्हा बहुतेकदा श्रावण चालू असतो. म्हणजे कच्चं भोक, त्यात मोत्या-माणकाची वजनदार तार, वर पावसाची ओल, फेट्याचा दाब, गुलाल आणि सहा तास वादनाचा घाम. भाद्रपदात भिकबाळी हवी असेल तर आधीच्या वर्षीचं विसर्जन झालं की टोचावं; हिवाळा कोरडा मिळतो आणि पुढच्या गणपतीपर्यंत जवळजवळ वर्ष हातात असतं. ज्यांना हे जुलैमध्ये सुचतं त्यांच्यासाठी चापाची भिकबाळी मिळते. मिरवणुकीत दोन हातांवरून ती कुणाला ओळखू येत नाही, फक्त ताशा सुरू होण्याआधी चाप नीट दाबून घ्यायचा.